न्यूमोनियानंतर आण्णांना घरी आणलंय, धाप आणि खोकला कधी कमी होणार?

पलूसकर_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय ६८, शुगर आहे, मिरजेला न्यूमोनियासाठी ॲडमिट होते, परवा डिस्चार्ज मिळाला. ताप गेलाय, बसल्या जागी ऑक्सिजन ९५-९६ दाखवतंय पण बाथरूमला जाऊन आले तरी धाप लागते आणि रात्री खोकल्याची उबळ आली की सगळं घर जागं होतंय. दवाखान्यातनं तीन बॉलचं मशीन दिलंय, ते फुंकून फुंकून दमतात पण बॉल काय हलत नाही. त्यात बघायला येणारा प्रत्येक जण वेगळंच सांगतोय, कोण म्हणतंय दिवसातनं चारदा वाफ द्या, कोण म्हणतंय केळं बंद करा, चुलते तर म्हणाले अँटिबायोटिक गरम पडतंय, आता ताप नाही तर बंद करा. वस्तीवर चारी बाजूला ऊस आहे, फड पेटवून तोडायचं चालू आहे, काजळी पार अंगणात पडते. घरी नेमकं काय करायचं आणि कधी घाबरायचं ते सांगा प्लीज.

वॉर्डसिस्टर_सांगली:
दादा, पहिलं त्या मशीनचं बोलू. ते फुंकायचं नसतंय, ओढायचं असतंय. आण्णांना खुर्चीत ताठ बसवा, आधी श्वास पूर्ण सोडायला सांगा, मग नळी ओठात घट्ट धरून सरबत स्ट्रॉनं ओढतो तसं सावकाश आत ओढायचं, बॉल वर गेला की जमंल तेवढं ३-४ सेकंद धरायचं आणि मग सोडायचं. सुरवातीला एकच बॉल उचलला तरी चालतंय, जोर लावून तिन्ही उचलायची घाई नको. जागे असताना तासाला आठ-दहा वेळा करायचं, मध्ये चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं. ह्यानं फुप्फुसाचा खालचा भाग उघडतो, नाहीतर झोपून झोपून तिथंच कफ साठतो.

अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी लिहिलाय तेवढा पूर्ण करा, ताप गेला म्हणून मधेच सोडू नका. चुलत्यांना नीट समजावून सांगा पण गोळी बंद करू नका. वाफेनं नाक मोकळं होतं, बरं वाटतं, पण फुप्फुसातला न्यूमोनिया त्यानं बरा होत नाही. आणि म्हातारी माणसं उकळत्या पातेल्यावर चादर घेऊन बसतात, पातेलं कलंडून मांडी भाजलेली पेशंट आम्ही वॉर्डात बघतो, म्हणून कळकळीनं सांगते. केळ्यानं न्यूमोनिया वाढत नाही, शुगरमुळं किती खायचं तेवढं डॉक्टरांना विचारा.

धाप लागली की नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून हळूहळू सोडायचा, सोडायला घ्यायच्या दुप्पट वेळ.

कराडची_सून:
आमच्या सासऱ्यांना असंच झालेलं, सांभाळणाऱ्याच्या बाजूनं सांगते. बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, आंघोळ बसूनच घालायची, उभं राहून तांब्यानं पाणी घेतानाच सगळी ताकद जाते. रात्री पाठीमागं दोन-तीन उश्या लावून डोक्याची बाजू उंच ठेवा, जेवण पूर्ण बसूनच आणि जेवल्यावर लगेच आडवं करू नका, घास-पाणी श्वासनळीत जायची भीती असते. खायला अंडं, मटकीची उसळ, मुगाची डाळ थोडं थोडं पण सारखं द्या, एकदम ताट भरलं की बघूनच नको म्हणतात. शुगर आहे तर गुळाचा काढा, मध ह्या भानगडीत पडू नका.

आणि धुराचं लै मनावर घ्या. फड पेटला की त्या अंगाच्या खिडक्या लावून घ्या आणि आण्णांना दुसऱ्या खोलीत बसवा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, झाडू मारून काजळी उडवू नका. घरातली उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, चूल सगळं त्यांच्या खोलीपासनं लांब. कोण बिडी ओढून बघायला आलं तर बाहेरच बसवायचं, पाव्हणं असलं तरी.

पलूसकर_पोरगा:
लै आभार दोघींचे. मशीन ओढायला सांगितलं तर पहिल्याच झटक्याला एक बॉल वर गेला, आण्णा पण खूश. एक विचारायचं होतं, पहाटे ऑक्सिमीटर ८८ दाखवला, मी गाडी काढायच्या तयारीत, परत लावला तर ९५. काय समजायचं?

वॉर्डसिस्टर_सांगली:
बोट गार असलं, मेंदी-नेलपॉलिश असलं, हात हलत असला की आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, मग लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तसं करूनही ९२ च्या खाली राहिला तर वाट बघायची नाही. (जुना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा कायमचा धापेचा आजार, असला तर त्यांचा आकडा डॉक्टर वेगळा सांगतात.) आकड्यापेक्षा माणूस बघा, बसल्या जागी श्वास मिनिटाला ३० च्या वर, ओठ निळसर, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, एकदम असंबद्ध बडबड किंवा झोपेतनं उठवता येत नाही, थुंकीत रक्त, ह्यातलं काहीही दिसलं तर सरळ १०८ ला फोन. गेलेला ताप परत चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्यांना कधी कधी ताप न येता नुसतं भ्रमिष्टासारखं होतं, ते लक्षात ठेवा.

वाईकर६२:
मला स्वतःला होऊन गेलाय. साधारण चार आठवड्यांत कफ आणि छातीतलं दुखणं बरंच कमी होतं, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप, पण थकवा तीन महिने पण राहू शकतो, तेव्हा आण्णांना अजून कसं बरं होईना असं म्हणू नका, मनाला लागतं. रोज घरातल्या घरात थोडं चालवा, आज अंगणापर्यंत, जमलं तर उद्या गेटपर्यंत. सहा आठवड्यांनी परत छातीचा एक्स-रे काढायचा का ते फॉलोअपला विचारा, पन्नाशीच्या पुढच्यांना बहुतेक सांगतात, आणि पूर्ण बरे झाल्यावर फ्लू आणि न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियाच्या जंतूवरच्या) लशीचं पण त्याच वेळी विचारून घ्या.