अनोळखी शहरात गाईडबरोबर सायकलिंग करावं का नुसती सायकल भाड्याने घ्यावी?

चाकावरचा:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. कामासाठी सारखं वेगवेगळ्या शहरांत जावं लागतं, दिवसभर मीटिंगा आणि मधे कुठेतरी एखादी सकाळ मोकळी मिळते. एरवी नियमित सायकल चालवतो त्यामुळे ती सकाळ हॉटेलच्या जिममधल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर घालवायची म्हणजे जिवावर येतं. हल्ली बऱ्याच शहरांत गाईडेड राईड मिळतात, काही जण तर हॉटेलच्या दारात सायकल आणून देतात आणि सोबत माणूस येतो. पण नुसत्या भाड्यापेक्षा पैसे बरेच जास्त. शिवाय धास्ती अशी की मोठ्या घोळक्यात अडकणार आणि दर पाच मिनिटांनी उतरून कुठल्यातरी पुतळ्याचा इतिहास ऐकावा लागणार. मॅपवर रूट टाकून एकट्याने फिरणं बरं का? आणि गाईड घ्यायचाच तर बुक करण्याआधी काय बघायचं?

सावकाशराव:
ही पुतळ्यांची धास्ती खोटी नाही, पण ते बुक करतानाच कळतं. साईटसीइंगवाल्या टूरच्या माहितीत ठिकाणांची नावं आणि हसऱ्या लोकांचे फोटो असतात, खरी राईड असेल तर अंतर, एकूण चढ किती मीटर आणि सरासरी वेग लिहिलेला असतो. अंतराला वेळेने भागून बघा ना, चार तासांत १५ किमी म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही सायकल हातात धरून उभे आहात. ते वाईट नाही हां, पण तुम्हाला ते नकोय.

आता गाईडचे पैसे कशाचे, तर माझ्या मते चौकांचे. रस्ता मॅपही दाखवतो, पण तिथले लोक चौकात कसे वागतात ते मॅपला कुठे माहीत. उदाहरणार्थ डेन्मार्कमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे डावीकडे वळायला चौक ओलांडावा लागतो, पण सायकलवाल्याने डावीकडे वळायचं तर मोटारींसारखं चौकाच्या मधे घुसून वळायचं नसतं, आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे थांबायचं आणि मग डावीकडे निघायचं. थांबताना हात वर करायचा म्हणजे मागच्याला कळतं. नेदरलँड्समध्ये रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असते, टोकं तुमच्याकडे असतील तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. हातात मोबाईल धरून सायकल चालवायला तिथे २०१९ पासून बंदी आहे, म्हणजे थांबल्याशिवाय फोन काढून रस्ता बघायची सोयच नाही. आणि हे तर सायकलवाल्यांना सांभाळून घेणारे देश! जिथे सायकलला वेगळी जागाच नाही तिथे कुठली गल्ली सकाळी आठपर्यंतच चालवण्यासारखी असते हे तिथे रोज चालवणाऱ्यालाच ठाऊक.

गिअरवाली:
सावकाशरावांना अनुमोदन, पण मी त्याच्याही आधी सायकलचं बघते. माझी एकच परीक्षा आहे, बुकिंग करताना समोरच्याने उंची विचारली का? नसेल विचारली तर तो तुम्हाला हाताला येईल ती सायकल देणार आणि मग चालवा गुडघे छातीशी आणून. सीटची उंची तिथल्या तिथे अशी बघायची, टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला न्यायचं, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पंजा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. क्लीटचे शूज (तळाला पॅडलमध्ये अडकणारी खुंटी असलेले) वापरत असाल तर स्वतःची पॅडल सोबत न्या, पिशवीत मावतात, आणि तिथे बसवून द्याल का ते आधी विचारून ठेवा.

ब्रेक मात्र निघायच्या आधी तपासाच!! ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि अमेरिकेत डाव्या हाताला. बोटांची सवय इतकी पक्की असते की घाईत मागचा समजून पुढचाच करकचून दाबला जातो, आणि उतारावर ते झालं तर हँडलवरून थेट पुढे. साध्या डच सायकलींना तर कित्येकदा हाताचा मागचा ब्रेकच नसतो, पॅडल उलटं दाबायचं. शांत रस्त्यावर चार-पाचदा थांबून बघायचं, गाईड वैतागला तर वैतागू दे.

अजून एक, डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणायचं, कॉपी द्यायची किंवा कार्डावर रक्कम ब्लॉक करू द्यायची.

नकाशेबहाद्दर:
मी थोडा विरोधी सूर लावतो. गाईड पहिल्या राईडला ठीक आहे, पण त्याच शहरात परत परत जाणार असाल तर दर वेळी कशाला? पहिल्या वेळी आपल्या जीपीएस घड्याळावर किंवा सायकलच्या हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरवर राईड रेकॉर्ड करायची, पुढच्या वेळी तोच ट्रॅक उघडून एकटे निघा. मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा आणि फोन हँडलला लावा. ट्रामचे रूळ असतील तिथे फक्त डोकं ठिकाणावर ठेवा, रूळ ओलांडताना शक्य तितका काटकोन करायचा, तिरके गेलात तर चाक खाचेत अडकतं, आणि पाऊस असेल तर रुळाच्या लोखंडावर वळायचं नावच नको.

आणि लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्याच सकाळचं बुकिंग करू नका. झोप झालेली नसते, वाहतूक उलट्या बाजूने, डोळे सवयीने भलत्याच बाजूला आधी बघतात. अशा वेळी गाईड सोबत असून काय फायदा, ब्रेक तर तुम्हीच मारणार ना.

चाकावरचा:
भारी माहिती, सगळ्यांचे आभार. पासपोर्टचं डोक्यातच नव्हतं. मी एकटाच असणार, मग ग्रुपमध्ये घुसू का प्रायव्हेट घेऊ? आणि एके ठिकाणी फक्त ई-बाईकच (पॅडल मारताना मोटर मदत करते ती सायकल) मिळतायत, तिने मजा जाते का?

सावकाशराव:
ग्रुप चालेल, पण लहान हवा, आणि एक प्रश्न विचारा की सिग्नलला निम्मे लोक मागे राहिले तर काय करता. पुढे एक आणि सगळ्यांच्या मागे एक असे दोन गाईड असतील किंवा ठरलेल्या जागी थांबतो म्हणाले तर बिनधास्त जा. "तसं कधी होत नाही" असं उत्तर आलं तर प्रायव्हेट घ्या, कारण तसं प्रत्येक वेळी होतं. पंक्चरचंही विचारा, ट्यूब आणि पंप गाईडकडे असतो का तुम्ही सायकल ढकलत परत यायचं.

ई-बाईकला नाकं मुरडू नका. युरोपियन युनियनमधल्या साध्या ई-बाईकची मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किमीला मदत बंद, त्याच्यापुढे पायांनीच रेटायचं, आणि सायकल जड असल्यामुळे तेव्हा चांगलाच घाम निघतो. चढ असलेल्या शहरात मीटिंगच्या आधी जाणार असाल तर मी तीच घेईन. फक्त तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ई-बाईक धरलीय का आणि हेल्मेटची अट आहे का, ते निघायच्या आधी वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत हे बारीक अक्षरात असतं.