सातवीण, मलेरिया आणि आमच्या सोसायटीचं नाक

मुलुंडचा_मास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘सातवीणीच्या सालीत क्विनाइन असतं, काढा घ्या, मलेरियाच्या गोळ्या फेकून द्या.’ डोकंच फिरलं. मलेरियावरचं क्विनाइन सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीत! सातवीण कण्हेरीच्या कुळातली, साल खरवडली की पांढरा चीक येतो. तिच्यात एकिटामाइन आणि तसलीच अल्कलॉइड्स, म्हणजे झाडांतली कडू रसायनं. कडू म्हणजे क्विनाइन असेल, तर कारल्यातही निघायला हवं. पावसाळ्यात मुंबईत ताप आला की आधी रक्त तपासा.

कुडाळकर: आमच्याकडे नरकचतुर्दशीला कारीट फोडलं की सातवीणीच्या सालीचा रस घ्यावाच लागतो. आजी समोर उभी, थुंकायची सोय नाही. घरात कुणाला मलेरिया झाला नाही. आयुर्वेदात विषमज्वरावर, म्हणजे थांबून थांबून येणाऱ्या तापावर, सप्तपर्ण म्हणजे हीच सातवीण सांगितलीय, ते उगाच?

मुलुंडचा_मास्तर: वर्षातून एक घोट घेणं वेगळं, अंगात मलेरिया असताना त्यावर विसंबणं वेगळं. एकोणिसाव्या शतकात हीच साल ‘डिटा’ नावाने क्विनाइनला पर्याय म्हणून खपवली गेली. आज कुठला डॉक्टर लिहून देतो?

दादर_पूर्व: साल राहू द्या, फुलांचं बोला! ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळनंतर वासाने खिडकी उघडता येत नाही. सासऱ्यांना दमा आहे. कुणी लावली ही झाडं रस्तोरस्ती?

पानगळ: त्याच महिन्यांत बांधकामाची धूळ, फटाके, धुरकं. त्यांच्यावर नाही येत राग? फुलांच्या वासात मुख्यतः लिनालूल हे सुगंधी द्रव्य, लव्हेंडरमध्येही तेच. ते विकत घेऊन उशाला ठेवता ना?

दादर_पूर्व: मग या आमच्या बाल्कनीत झोपायला. लिनालूल म्हणे! संस्कृत कवींनी या वासाला हत्तीच्या मदाची उपमा दिलीय, ती कौतुकाने असेल, पण हत्ती खिडकीखाली बांधत नव्हते.

पानगळ: हे मात्र आवडलं. तरी झाड तोडू देणार नाही.

मुलुंडचा_मास्तर: विषय मलेरियाचा होता, मंडळी.

कुडाळकर: बरं, ताप आला तर रक्त तपासू, झालं समाधान? रस मात्र पिणारच.

मुलुंडचा_मास्तर: प्या, पण साल ओळखीच्या झाडाची घ्या. कोकणात काजराही आहे, कुचल्याचं विषारी झाड. त्याची साल चुकून वाटलीत तर स्ट्रिक्नीनसारखं विष पोटात जाईल.

कुडाळकर: मास्तर, काजरा आणि सातवीण आमची पोरंही ओळखतात. साल मी स्वतः काढतो.

दादर_पूर्व: मग आमच्या गेटजवळच्या झाडाची काढा की. चांगली गोल, बुंध्याभोवती सगळीकडून.

पानगळ: अशी गोल साल काढली की झाड मरतं, कळतं मला. 1975 चा झाडांचा कायदा वाचा आधी. स्क्रीनशॉट ठेवलाय.