कराकुची म्हणजे ‘कोरडी’?

प्रश्न : जपानच्या निईगाता प्रांतातल्या साकेचं (तांदळाच्या दारूचं) वर्णन ‘तानरेई कराकुची’ असं करतात. तानरेई म्हणजे हलकी, निवळ, एवढं समजलं. कराकुचीला मात्र इंग्रजी ‘ड्राय’वरून ‘कोरडी’ म्हणतात. पेय कोरडं कसं असेल? मराठीत काय म्हणावं?

– ‘कडक’ म्हणा की. कडक चहासारखं.

– कडक म्हटलं की लोकांना वाटेल जास्त चढणारी. कराकुची असो वा आमाकुची, बहुतेक साकेत अल्कोहोल १५-१६ टक्केच. फरक गोडीचा. ‘कुची’ म्हणजे तोंड, ‘आमाई’ गोड, ‘काराई’ तिखट. जपानी करीच्या मसाल्याच्या खोक्यांवरही हेच दोन शब्द दिसतात. तिथली कराकुची खरोखरच तिखट. शिवाय ‘शिओ’ म्हणजे मीठ आणि ‘शिओकाराई’ म्हणजे खारट. थोडक्यात, हा ‘कारा’ जिभेला टोचणाऱ्या चवींचा. साकेत ना मिरची, ना मीठ. गोडी मागे पडली, एवढंच.

– लेबलावर +५, -३ असे आकडे असतात, ते तिखटपणाचे का?

– नाही, तो ‘निहोनशूदो’. साकेची घनता पाण्याशी ताडून काढतात. साखर उरली की साके जड आणि आकडा उणे. यीस्टने ती संपवली की हलकी आणि आकडा अधिक. पण त्यावर डोळे मिटून जाऊ नका. एकाच आकड्याच्या दोन बाटल्यांत जी जास्त आंबट, ती कमी गोड लागते.

– पाण्याचाही हात असतो ना? नाडाची पुरुषी, फुशिमीची बायकी, असं म्हणतात.

– म्हणतात खरं. (ही वाटणी कुणी केली असेल, ते सांगायला नको!) कोबेजवळच्या नाडाचं ‘मियामिझू’ पाणी जड, म्हणजे खनिजं जास्त असलेलं, त्यात यीस्ट जोमाने काम करतं. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी मऊ, साके सौम्य. पण निईगाताचंही पाणी मऊच आणि नाव झालं कराकुचीचं! एकट्या पाण्यावर काही ठरत नाही.

– मग ‘अगोड’ कसा वाटतो?

– आमच्या आजीच्या तोंडी अगोड म्हणजे बेचव. मी कराकुचीच ठेवीन आणि पुढे ‘गोडी न रेंगाळणारी’ असं लिहीन. जपानीत त्या गुणाला ‘किरे’ म्हणतात, ‘किरू’ म्हणजे कापणे यावरून. जपानमधल्या कोचीत पेंढ्याच्या जाळावर बाहेरून शेकलेला कात्सुओ मासा लसणासोबत खातात. वर कराकुचीचा घोट घेतला की तोंड धुतल्यासारखं होतं आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो.

– आणि दारूसोबतच्या खाण्याच्या ‘पेअरिंग’ला?

– ‘जोडी’ चालेल. पण त्याहून मजेदार शब्द जपानीतच आहे : ‘साकाना’. ‘साका’ म्हणजे साके, ‘ना’ म्हणजे तोंडीलावणं. माशाला आज साकाना म्हणतात ते यावरूनच. जुना शब्द ‘उओ’. दारूसोबत इतका मासा खाल्ला की तोंडीलावण्याचं नाव माशालाच चिकटलं.

– म्हणजे आपला चखणा!

– जवळपास. पण चखण्यात फरसाण-शेंगदाणे येतात, साशिमीला (कच्च्या माशाच्या कापांना) तो शब्द लावताना माझी जीभ अडखळते. ‘तोंडीलावणं’ बरं. फक्त आपलं तोंडीलावणं भाताला लागतं आणि त्यांचं त्या भातापासून केलेल्या दारूला. खुद्द भात पानात येतो तो पिणं आटोपल्यावर.