मदत हवी आहे: कॉलेजात एथिक्स कमिटीच नाही, मंजुरी कुठून घ्यायची?

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यातली, पीएचडी करतेय, विषय आहे ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढायची ऑपरेशनं. 2019 ला केवढ्या बातम्या आल्या होत्या, शासनानं समिती नेमली होती, आठवत असंल. आता अडचण अशी की आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटी (माणसांवरचा अभ्यास सुरू करण्याआधी तो तपासून मंजुरी देणारी समिती) नाही आणि गाईड म्हणायलेत प्राचार्यांचं पत्र घे अन् सुरू कर. पण आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या गाईडलाईन्समधे स्पष्ट आहे की मंजुरी आधी घ्यायची, कमिटीत किमान 7 जण, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, स्वतःची कमिटी नसंल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडं जाता येतं. तर संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इकडच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडून बाहेरच्या कुणी मंजुरी घेतलीय का? फी किती, दिवस किती लागले?

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या बाईला वाचता येत नाही तिचा संमतीपत्रावर अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार लागतो. तांड्यावर विचारलं की मुकादमच (टोळीला कामावर नेणारा) पुढं येतो, आणि उचल, म्हंजे कामाचे आगाऊ पैसे, तर त्याच्याकडूनच घेतलेली, मग त्याच्यासमोर ती बाई नको कशी म्हणंल? आशाताईंना बसवावं का, पण त्या गावातल्याच, गोष्ट फुटली तर? अशा बायांना परत दुखवायचं नाही मला.

दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यावर जातात, मग मार्च-एप्रिलपर्यंत कुणी भेटत नाही, म्हणून लवकर सांगा प्लीज. मराठी संमतीपत्राचा नमुना असंल तर तोबी पाठवा.