बेशुद्ध पोराच्या पाठीला सॅक बांधणारे 'भाऊ'

दूरदेशी: लेक यंदा पेनसिल्व्हेनियात शिकायला गेलाय. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, फ्रॅटर्निटीत नाव देऊ का?" (पोरांचं मंडळ. एका बंगल्यात राहायचं, एकमेकांना भाऊ म्हणायचं, पुढे नोकरीलाही ओळखी कामी येतात.) तेव्हापासून तिथल्या पेन स्टेट विद्यापीठातलं २०१७चं प्रकरण वाचतोय. २ फेब्रुवारीच्या रात्री बीटा थीटा पाय नावाच्या फ्रॅटर्निटीच्या बंगल्यात नव्या पोरांना 'गॉन्टलेट' पार करायला लावलं. एका ठिकाणी दारू रिचवली की लगेच पुढच्या ठिकाणी. टिम पियाझा, वय १९. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ८२ मिनिटांत १८ पेग. मग तळघराच्या जिन्यावरून कोसळला. उचलून कोचावर टाकला आणि उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली. म्हणजे गुदमरेल हे कळत होतं! तरी ॲम्ब्युलन्सला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमारे १२ तासांनी. कवटीला तडा, प्लीहा फाटलेली. ४ तारखेला गेला. असल्या फ्रॅटर्निट्या सरसकट बंद कराव्यात असं माझं मत.

तिखटमीठ: असहमत. तो बंगला कागदोपत्री दारूबंदीवालाच होता. नियम कडक होते म्हणून तर फोन लावायचं धाडस झालं नाही. बंद केलंत तर हेच कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत होईल, तिथे कॅमेरेही नसतील. आणि पोरं आपल्या पायांनी गेली होती. आपल्याकडचं रॅगिंग वेगळं. तिथे हॉस्टेलला खोली मिळाली की सुटका नाही.

गोदाकाठ: 'आपल्या पायांनी' हे काही पटत नाही बुवा. उंबरठा आपल्या पायांनी ओलांडला, कबूल. पण चौथ्या पेगनंतर "पुरे" म्हणणाऱ्याचं तिथे काय होतं? २०१८ला त्याच पोराच्या नावाने पेनसिल्व्हेनियात कायदा झाला. त्यात 'त्याची तयारी होती' हा बचाव चालत नाही. आपला महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९चा आहे, पण तो राबवायचा कुणी, हा वेगळा धागा होईल.

जुना_पिट्सबर्गकर: मी स्वतः फ्रॅटर्निटीत होतो. आम्हाला पहाटे उठवून बर्फ उपसायला लावायचे, दोन गाणी म्हणायला लावायचे, संपलं. त्यातले तिघं आजही दिवाळीला घरी येतात, चकल्या संपवून जातात. एका बंगल्यामुळे सगळ्यांना झोडपू नका.

दूरदेशी: काका, त्या बंगल्यातही सगळे राक्षस नव्हते. एक पहिल्या वर्षाचा पोरगा "दवाखान्यात न्या" म्हणत होता. त्याला भिंतीवर ढकललं. शहाण्याचं तिथे चाललं नाही, मुद्दा तो आहे.

तिखटमीठ: मग त्या शहाण्याला बळ द्या ना. नव्या कायद्यात मदत मागवणाऱ्याला संरक्षण आहे. पोरांच्या डोक्यात हे भरवा, बंगल्यांना कुलपं लावून काय होणार?

गोदाकाठ: संरक्षण ठीक, पण जरब? फ्रॅटर्निटीच्या तेव्हाच्या दोन पदाधिकाऱ्यांना शिक्षा झाली २०२४मध्ये. दोन ते चार महिने कैद. सात वर्षं खटला, आणि हे.

जुना_पिट्सबर्गकर: ती कमीच, वाद नाही. पण @दूरदेशी, लेकाला थेट 'नाही' म्हणू नका, तो न सांगता जाईल. आधी विचारा, बंगला कुठला आणि तिथे ओळखीचं कोण आहे.

दूरदेशी: रविवारी फोन येतो त्याचा. अजून उत्तर दिलेलं नाही.