मदत हवी आहे : दुरुस्ती लावली की निष्कर्ष उलटतो

नमस्कार. सरावासाठी घेतलेल्या आकड्यांत पहिल्या गटातील १२० पैकी ६६ जण आणि दुसऱ्या गटातील ८० पैकी ३२ जण एका प्रस्तावाच्या बाजूने आहेत. दोन्ही प्रमाणे समान आहेत ही शून्य परिकल्पना धरून, एकत्रित प्रमाण ०.४९ घेऊन हाताने झेड-चाचणी (दोन प्रमाणांतला फरक तपासणारी) केली, तेव्हा झेड २.०८ आणि दोन्ही बाजूंचे पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना निदान इतका फरक दिसण्याची संभाव्यता) ०.०३८ आले, सॉफ्टवेअरने मात्र त्याच तुलनेच्या काय-वर्ग चाचणीत येट्सची दुरुस्ती (वारंवारता लहान असताना काय-वर्ग थोडा कमी करणारा बदल) न सांगताच लावून पी-मूल्य ०.०५३ दाखवले. (दुरुस्ती काढल्यास काय-वर्ग ४.३२, म्हणजे झेडचा वर्गच येतो; आकडेमोड चुकलेली नसावी.) सर्वांत लहान अपेक्षित वारंवारता (शून्य परिकल्पनेनुसार एखाद्या रकान्यात अपेक्षित संख्या) ३९.२ असताना ही दुरुस्ती मला अनाठायी वाटते. सार्थकता पातळी (पी-मूल्य जिच्याखाली गेल्यास शून्य परिकल्पना नाकारायची ती मर्यादा) ०.०५ आधीच ठरवलेली असल्यास अहवालात कोणते पी-मूल्य द्यावे, आणि सोबत दोन प्रमाणांतील फरकाचा विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या दोन मर्यादांमध्ये असावा असा अंदाज) देणे पुरेसे ठरेल का?