पेट्रोलचा वास येतोय, पण गळतंय कुठून? जुन्या गाड्यांचे अनुभव

धागाकर्ता
गाडी जुनी झाली की खडखडाट, ऑइलचे डाग, दाराची कुरकुर या सगळ्याची सवय होते. पेट्रोलच्या वासाची मात्र होऊ देऊ नये. अडचण अशी की जिथे थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. पेट्रोल पाइपाच्या कडेने ओघळत जातं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं आणि चेसिसच्या एखाद्या सखल कोपऱ्यातून टपकतं. म्हणून तुम्ही गळती कशी शोधली, नेमका कुठला भाग निघाला आणि दुरुस्ती टिकली का, हे सविस्तर लिहा. 'गॅरेजला दिली, झाली' एवढंच असेल तर काय उघडलं आणि काय बदललं ते मेकॅनिकला विचारून लिहा.

आधी एक सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, त्यामुळे ती उडून न जाता गाडीखाली आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. उणे 40 अंशाच्या आसपासही ती पेट घेऊ शकते. काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प नको.

दहा-अकराचा पाना
माझी इंजेक्शनवाली गाडी, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतात. थंडीत सकाळी चालू केली की बॉनेटमधून वास, थोडी फिरवली की वास गायब. खाली एक थेंब नाही. गॅरेजमध्ये दाखवेपर्यंत इंजिन तापलेलं, त्यामुळे 'काही नाही हो' हे उत्तर ठरलेलं.

शेवटी इंजिन गार असताना नुसती किल्ली ऑन-ऑफ करत राहिलो. दर वेळी पंप दोनेक सेकंद चालतो आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर भरतं, इंजिन चालू करावं लागत नाही. मग टॉर्च घेऊन एकेक इंजेक्टर बघितला. एकाच्या मानेशी ओल धरत होती आणि खाली मॅनिफोल्डवर तपकिरी डाग पडला होता. पेट्रोल उडून जातं, डाग राहतो. ओल सापडली नाही तर डाग शोधा.

खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. तरीही सांध्याला फडकं गुंडाळूनच सोडवलं. निघालेली ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) गोल राहिलीच नव्हती, दोन्ही बाजूंनी चपटी झालेली. नखाने वाकवली तर तुटली. असं कडक रबर थंडीत आक्रसून फट सोडतं आणि गरम झालं की फट बुजते, म्हणून तो वास यायचा-जायचा. सगळ्याच इंजेक्टरच्या रिंगा बदलल्या, बसवताना इंजिन ऑइलचा हात फिरवला. कोरडी बसवली तर रिंग कडेला कापली जाते.

चोक ओढा
कार्ब्युरेटरवाल्यांनी आधी फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा, बघावा. आमचा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. सूक्ष्म भोक. फ्लोट जड झाला की पेट्रोल अडवणारी नीडल बंद होत नाही आणि कार्ब्युरेटर भरून वाहतो. भोकाला सोल्डरचा डाग देऊन चालतो, पण सोल्डरचं वजन वाढून पातळी बदलते, म्हणून मी नवाच घातला.

होजक्लॅम्प
ओ-रिंग, फ्लोट सगळं ठीक, पण आधी रबरी पाइप वाकवून बघा. सरळ असताना धडधाकट दिसतो, वाकवला की भेगा उघडतात. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं, ते आतून सुटतं आणि बाहेर कळत नाही.

आणि कृपा करून मिळेल तो काळा पाइप लावू नका! कार्ब्युरेटरच्या लाइनमध्ये प्रेशर एक बारच्या बरंच खाली असतं, इंजेक्शनमध्ये साधारण 3 बार. इंजेक्शनला एसएई जे30 आर9 असं (पाइपाच्या दर्जाचं मानक) छापलेला पाइप लागतो. टाकीच्या आत बुडून राहणारा असेल तर आर10, कारण आर9 बाहेरून पेट्रोल सोसायला केलेला नसतो. माझ्या गाडीला आधीच्या कुणीतरी साधा पाइप चढवला होता आणि वर आट्यांच्या खाचा असलेला क्लॅम्प करकचून आवळला होता. त्या खाचांत रबर शिरून कापलं गेलं होतं. गुळगुळीत पट्टीचा, नट-बोल्टवाला क्लॅम्प वापरा.

मागची सीट
आमच्याकडे वास फक्त टाकी फुल केल्यावर, तोही डिकीत. अर्ध्या टाकीला काहीच नाही. म्हणजे गळती वरच्या भागात, हे उघड होतं. मागची सीट उचलून झाकण काढलं, तर पंपाच्या गॅस्केटभोवतीची धूळ ओली होऊन थापली गेलेली. गॅस्केट बदललं, वळणावर येणारा वासही गेला.

धागाकर्ता
टाकीच सडली असेल तर? पट्ट्याखाली माती साचून तिथेच गंज धरतो असं ऐकलंय.

होजक्लॅम्प
बरोबर ऐकलंय. बारीक छिद्रावर अंगाचा साबण घासला की तात्पुरतं थांबतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तेवढ्यात टाकी उतरवून घ्यावी. 'रिकामीच आहे, मारा वेल्डिंग' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. शक्य असेल तर दुसरी टाकीच बसवा.

डिपस्टिक
माझी गळती बाहेर नव्हतीच. ऑइलची पातळी घटायच्या ऐवजी वाढत होती, डिपस्टिकला पेट्रोलचा वास. मेकॅनिकल पंप काढून डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) उजेडाकडे ताणून धरला, तर घडीवर केसाएवढी चीर. पेट्रोल तिथून थेट इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये. डायफ्रामसोबत ऑइल आणि फिल्टरही बदलले, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

डिझेलवाला
डिझेलचं उलट असतं. टाकीपासून पंपापर्यंत पाइपात ओढ असते, त्यामुळे सांधा ढिला असला तरी थेंब बाहेर न येता हवा आत जाते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावली, तेव्हा बुडबुडे दिसले. प्रायमर पंपाच्या (हाताने डिझेल भरायच्या पंपाच्या) दांड्याची सील गेली होती. ती बदलून हवा काढली, आता पहिल्या सेल्फला उठते.

कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जबर प्रेशरने डिझेल देणारी पद्धत) असेल तर मात्र इंजिन चालू असताना पाइपावरून हात फिरवू नका. हजार बारच्या वरचं प्रेशर असतं, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. वरून टाचणीएवढी खूण दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठा धरून बघा, तोही लांबून.